अर्ध्या दिवसाची हजेरी

आई, काल तुम्हाला बोलावणं आलं. खिडकीचं पांढरं पाकीट, त्यातून तुमचं नाव दिसत होतं. आत लिहिलंय की तुमचं कॅनडाचं पर्मनंट रेसिडेंटचं नवं कार्ड तयार आहे, पण ते पोस्टाने पाठवता येणार नाही. दिलेल्या दिवशी, दिलेल्या वेळी, पासपोर्ट आणि जुनं कार्ड घेऊन तुम्ही स्वतः हजर राहायचं. दुसऱ्या कुणाला पाठवलेलं चालणार नाही. तुम्हाला जाऊन काल अकरा दिवस झाले. तुमच्या प्रशांतनं पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं, दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट लावतो तसं. मी ते काढून तुमच्या कार्डाच्या फाइलमध्ये ठेवलं आणि मग फाइलच उचलून खाली बेसमेंटमध्ये नेऊन टाकली. मला त्या फाइलची शिसारी आली आहे. खरं सांगायचं तर माझीही.

रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाला चाळीसएक माणसं आली. हॅमिल्टनची तर आलीच, पण वॉटर्लूहून, नॉर्थ यॉर्कहूनही गाड्या करून आली. त्रिशरण झालं, पंचशील झालं, इथल्या आपल्या मंडळाच्या दोघांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. मला बोला म्हणाले, मी नाही म्हटलं. तोंड उघडलं असतं तर भलतंच काही बाहेर पडलं असतं. नंतर जेवताना एक बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "निदान त्यांचं पी.आर. तरी तुम्ही टिकवलंत हो. किती धडपड केलीत. सख्खी लेक करणार नाही." माझ्या हातात घास होता. तो तसाच ताटात ठेवून मी उठले आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला रडायला आलं नाही, आई.

त्या बाईंना काय माहीत. प्रशांतलाही माहीत नाही. तुम्हालासुद्धा कळू दिलं नाही मी, आणि तेच आज लिहायला बसले आहे. तुम्ही वाचणार नाही हे ठाऊक आहे. पण इतके दिवस तुम्ही समोर बसून चहा पीत होतात तेव्हा जे जमलं नाही, ते निदान कागदावर तरी जमतंय का बघते.

आपलं काही गोडीगुलाबीचं नव्हतं. ते आता कुणी कितीही म्हणोत. तुम्हाला डिशवॉशरमध्ये धुतलेली भांडी खरकटी वाटायची, म्हणून तुम्ही ती बाहेर काढून पुन्हा घासायचात, आणि मी तोंड आवळून बघत राहायचे. मी वरणात गूळ घातला की तुम्ही एक घास खाऊन "पुण्याचं वरण झालं" म्हणायचात आणि पानात चटणी वाढून घ्यायचात. मी तुमच्या पोळ्यांना जाड म्हणायचे. तुम्ही माझ्या बोलण्याला पातळ म्हणायचात. रिया दोघींचं ऐकून वैतागायची आणि "यू गाइज आर सो फनी" म्हणून वर निघून जायची. हे असं आपलं चालायचं आणि ते बरं चाललं होतं.

आणि मे महिन्यातले ते आठ दिवस मी विसरलेले नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या कंपनीनं एका सकाळी पंधराजणांना घरी पाठवलं, त्यात मी होते. प्रशांतला सांगायचा धीर होईना, म्हणून मी रोज तयार होऊन बाहेर पडायचे आणि लायब्ररीत जाऊन बसायचे. तुम्ही रोज डबा भरून दिलात. आठ दिवस मी तो लायब्ररीच्या मागच्या बाकावर बसून खाल्ला. नवव्या दिवशी सकाळी तुम्ही डबा भरलाच नाही. म्हणालात, "आज घरीच जेव. मी भाकरी टाकते." बस, एवढंच. कसं कळलं, केव्हा कळलं, काही नाही. प्रशांतला मी सांगेपर्यंत तुम्ही एक अक्षर काढलं नाहीत. पुढे महिनाभरात मला दुसरी नोकरी लागली आणि तुम्ही पुन्हा डबा भरायला लागलात.

तर अशा बाईला मी एक्सेलमध्ये बसवलं.

नियम तुम्हालाही तोंडपाठ झाला होता. पाच वर्षांत सातशे तीस दिवस या देशात राहिलेलं असलं पाहिजे, तरच कार्ड पुन्हा मिळणार. बाबा गेल्यावर तुम्ही नागपुरात एकट्या, म्हणून प्रशांतनं तुम्हाला स्पॉन्सर केलं होतं. त्याला किती वर्षं लागली ते आपण दोघींनी पाहिलंय. हे कार्ड गेलं तर पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, आणि तुमचं वय रांगेसाठी थांबणार नव्हतं. म्हणजे तुम्ही म्हातारपणी आमच्याजवळ राहणार की दर खेपेला व्हिसा मागत पाहुणीसारख्या येणार, एवढा प्रश्न होता. प्रशांतनं नेहमीसारखे हात वर केले. "तू टेस्टर आहेस ना, तुझा डोळा बारीक आहे, तूच बघ." सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. हे वाक्य लिहिताना हसू येत नाही.

मी पासपोर्ट उघडून शिक्के बघायला बसले. आलात कधी, गेलात कधी. एक माणूस आपल्या घरात किती दिवस होता, हे सुनेनं रकान्यांत भरायचं. तुम्ही पहिल्यांदा आलात त्या नोव्हेंबरात रियाला गोवर झाला होता, नागपूरचं घर आवरायला परत जाईपर्यंतचे दोन-तीन आठवडे तुम्ही रात्रंदिवस तिच्याजवळ बसला होतात. माझ्या शीटमध्ये ते दिवस म्हणजे नुसते आकडे. एखाद्या वर्षी तुम्ही चार दिवस आधी परत गेलात म्हणून मी शीटकडे बघून चरफडले आहे. तुम्हाला ताप आला तरी दिवस मोजला जातो, तुम्ही खिडकीशी दिवसभर रुसून बसलात तरी मोजला जातो. पाच वर्षांच्या सगळ्या राहण्याचा मी हिशेब करून टाकला. आणि त्याहून घाण गंमत म्हणजे अर्ज उशिरा करावा तरी सुटका नाही. तो ज्या दिवशी करू त्याच्या मागची पाच वर्षं बघतात. त्यामुळे इकडे एक नवा दिवस मिळवावा तर तिकडे मागचा एक जुना दिवस गळून पडतो. तळाला भोक असलेली बादली नळाखाली धरून बसल्यासारखं ते होतं.

दिवस कमी पडायचं कारण एकच होतं, ऑक्टोबर. तुम्ही दर वर्षी ऑगस्टात नागपूर गाठायचात आणि हिवाळा तिकडेच काढून एप्रिलमध्ये परतायचात. सुरुवातीला मला वाटायचं थंडीला घाबरता. मग एकदा तुम्ही सांगितलंत. तुमच्या वडिलांनी पहिल्या वर्षी दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाण्याचा एक माठ ठेवला होता, गावागावांतून पायी येणाऱ्या माणसांसाठी. पुढे माठाचे चार माठ झाले, मग त्यासोबत जेवण आलं. वडील गेले, तशी तुम्ही आणि शांतामावशी दोघी बहिणींनी ते धरून ठेवलंत. आदल्या दिवशी वस्तीतल्या बायका जमवून वांगी-बटाटे चिरायचे, कणीक भिजवायची. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला मांडव टाकून पोळी-भाजी वाढायची, येईल त्याला. लग्न झालं, नोकरी लागली, बाबा आजारी पडले, तरी तुमचं ते कधी चुकलं नव्हतं. मावशी वाढणार आणि तुम्ही पोळ्या मोजून देणार, कारण तुम्ही शाळामास्तरीण.

मागच्या वर्षी कार्डाचे दिवस भरायचे म्हणून तुम्ही ऑगस्टात गेला नाहीत, आणि सप्टेंबरात जेवणाच्या टेबलाशी येऊन बसलात. माझा लॅपटॉप उघडाच होता. म्हणालात, "यंदा मी जास्त दिवस नाही जात. दहा दिवसांत जाऊन येतो. शांताचा गुडघा गेला आहे, तिच्यानं एकटीनं होत नाही." मी शीट फिरवून तुमच्याकडे केलं. कुठेही न जाता राहिलात तर अर्जाच्या दिवशी सातशे एकतीस होत होते. दहा दिवस गेलात तर सातशे एकवीस. नऊ कमी.

तुम्ही चष्मा लावून ते बघितलंत. बोट ठेवून एकेक फेरी वाचलीत. मग विचारलंत, "हा निघाल्याचा दिवस तू गैरहजर धरला?"

"हो. त्या दिवशी तुम्ही देश सोडला ना."

"अन् आल्याचा?"

"तोही. रात्री साडेआठला उतरलात, तो कसला दिवस."

"काहून नाही? आमच्या शाळेत पोरगं अर्धा दिवस आलं तरी हजेरी लागत होती. डबा खायच्या सुट्टीत पळालं तरी लागत होती. मी सकाळी इथंच आंघोळ केली, इथंच जेवली, संध्याकाळी विमानात बसली. तं मी त्या दिवशी होती की नव्हती?"

आणि मी म्हटलं, "आई, ही तुमची म्युनिसिपाल्टीची शाळा नाही. हे कॅनडा गव्हर्नमेंट आहे."

रिया सोफ्यावरून म्हणाली, "आजी, इट्स द रूल." तिला बिचारीला काय माहीत रूल काय आहे. मलाही माहीत नव्हता. मी तो वाचलेला नव्हता, आई. ऑफिसमध्ये मी शंभर पानांचं डॉक्युमेंट ओळ न् ओळ वाचते, आणि इथे माझ्याच मनानं ठरवून टाकलं होतं की सरकार म्हणजे जितकं कडक धरावं तितकं खरं. आपल्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. खिडकीपलीकडच्या साहेबानं हाकलण्याआधी आपणच आपल्याला हाकलून मोकळे होतो. फोन करून विचारावं, तर त्यांनी फाइल उघडली तर काय, ही भीती.

तुम्ही चष्मा काढलात. तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईनं वाद सोडून दिला. "बरं," म्हणालात, "तुले जास्त कळते." ते टोमणा म्हणून म्हटलं असतंत तर मला बरं वाटलं असतं. तुम्ही तसं म्हटलं नव्हतंत.

त्याच आठवड्यात तुम्ही मावशींना फोन केलात. मी ओट्याशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात, "यंदा मलेच जमत नाही, शांते. कंबर धरते. विमानात बसवत नाही." दिवस, कार्ड, सून, कशाचंच नाव नाही. फोन ठेवून तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत, कोथिंबीर निवडायला घेतलीत. मला तेव्हा काय वाटलं सांगू? सुटले असं वाटलं. नागपुरात माझं नाव खराब होणार नाही म्हणून.

त्या ऑक्टोबरात, नेमक्या त्या दिवशी, मी कामावरून आले तेव्हा घरभर वांग्याच्या भाजीचा वास होता. तुम्ही सकाळपासून पोळ्या करत होतात. ओट्यावर, टेबलावर, मायक्रोवेव्हवर, जिथे जागा मिळेल तिथे टॉवेल पसरून त्यावर पोळ्या. मी म्हटलं, "आई, कोण खाणार आहे इतकं?" तुम्ही म्हणालात, "हात थांबेना." शेजारच्या गुजराती घरी दिल्या, प्रशांतच्या लॅबमध्ये पाठवल्या, उरलेल्या फ्रीजरमध्ये टाकल्या. डिसेंबरपर्यंत आपण त्याच खात होतो. मी तर थट्टाही केली होती. यंदाचा मांडव फ्रीजरमध्ये लागला म्हणून. तुम्ही हसलात. ते हसणं मला आता आठवतं आणि स्वतःचा असा काही तिटकारा येतो की काय सांगू.

नोव्हेंबरात अर्ज भरायचा होता. लायब्ररीत शनिवारी एक बाई नव्या आलेल्यांना फॉर्म भरून द्यायला बसते, पंजाबी आहे, पन्नाशीची. मी तुम्हाला सोबत नेलं, कारण फोटो काढायचे होते. तुम्ही बाहेरच्या खुर्चीत कोट न काढता बसला होतात, मांडीवर पर्स. मी आत शीट पुढे केलं, माझ्या मेहनतीची मला जराशी घमेंडही होती. तिनं पेन्सिलीनं दोन ओळी तपासल्या आणि थांबली.

"जिस दिन मम्मीजी गईं, वो दिन आपने क्यों काटा?"

मी म्हटलं, "गईं तो थीं ना उस दिन."

"पर नाश्ता तो यहीं किया था ना?" ती हसली. मग तिनं मार्गदर्शिकेचं पान उघडून बोट ठेवलं. दिवसाचा कुठलाही भाग इथे घालवला असला तरी तो अख्खा दिवस धरतात. निघाल्याचाही, आल्याचाही. "आपके तो बहुत दिन हैं, बेटा. खामखा टेंशन लिया."

पाच जुन्या फेऱ्यांचे दहा दिवस. ऑक्टोबरात गेला असतात तर त्या सहाव्या फेरीचे आणखी दोन. नऊ कमी पडणार होते म्हणून मी तुम्हाला अडवलं, आणि प्रत्यक्षात दहा दिवस नागपुरात राहूनही तीन वर उरले असते. मी तिच्यासमोर बसून हे बोटांवर मोजलं. एक्सेल लागलं नाही.

बाहेर आले. तुम्ही उठून उभ्या राहिलात आणि विचारलंत, "काय म्हणे बाई?"

मी म्हटलं, "सगळं ठीक आहे म्हणाली."

एवढंच. तुम्ही म्हणालात, "चला, सुटलो," आणि आपण फोटो काढायला गेलो. फोटोत हसायचं नसतं, तरी तुम्ही जरा हसलात, म्हणून फोटो दोनदा काढावा लागला.

का नाही सांगितलं? मी शंभर कारणं तयार ठेवली होती. आता सांगून काय उपयोग, ऑक्टोबर तर गेला. तुम्हाला वाईट वाटेल. प्रशांत चिडेल. पुढच्या ऑक्टोबरला चांगलं दोन महिने पाठवू, आपण तिकीट काढून देऊ, तेव्हा सांगू हसत हसत. सगळी खोटी. खरं कारण एवढंच की तुम्ही बरोबर होतात आणि मी तुमच्या शाळेला नावं ठेवली होती, आणि ते कबूल करायला माझी जीभ वळली नाही. वरणातल्या गुळावरून मी हार मानली असती. यावरून नाही मानली.

अर्ज गेला. जुनं कार्ड डिसेंबरात संपलं आणि नवं हातात नाही तोवर देश सोडायचा नाही, असं आपणच ठरवलं. मग तुमचा इथला पहिला अख्खा हिवाळा सुरू झाला. रिया तुम्हाला बर्फ शोव्हल करायला शिकवायची. तुम्ही फावडं घमेल्यासारखं धरायचात. मार्चमध्ये तुम्ही विचारायला लागलात, "आलं का कार्ड?" दर दोन-तीन दिवसांनी, चहाचा कप ठेवता ठेवता. मी म्हणायचे, येईल. एकदा तुम्ही म्हणालात, "ऑक्टोबरच्या आत येईन ना?" मी म्हटलं, त्याच्या कितीतरी आत येईल. त्यात मात्र मी खरी ठरले.

अर्धांगाचा झटका आल्यावर तुम्ही हॉस्पिटलमध्ये चार दिवस होतात. तिसऱ्या दिवशी दुपारी प्रशांत रियाला आणायला गेला आणि आपण दोघीच होतो. तुमची उजवी बाजू गेली होती, पण डोळे उघडे होते आणि नर्स म्हणाली होती, "टॉक टु हर, शी कॅन हिअर यू." मी बोलले. पुदिन्याला पाणी घातल्याचं सांगितलं. रियाचा रिपोर्ट सांगितला. पाऊण तास मी बडबडत होते आणि जे सांगायचं होतं त्याच्याभोवती मांजरीसारखी फिरत होते. मग प्रशांत आला. मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि कॉफी आणायला गेले.

लोक म्हणतात दुःख हळूहळू निवतं. निवत असेल. हे जे माझ्या आत आहे ते दुःख असतं तर मी वाट पाहिली असती. हा उबग आहे, स्वतःचा. त्यात तुमच्यासाठी रडायलासुद्धा मला धड जागा सापडत नाही आणि त्याचा राग येतो तो वेगळाच. मला तुमची आठवण येते हो. जाड पोळी खावीशी वाटते. भांडी दोनदा घासल्याचा आवाज ऐकू येत नाही तर सकाळी चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आज सकाळी शांतामावशींचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती. प्रशांत वॉशरूममध्ये दार उघडं ठेवून दाढी करत होता, म्हणून मी उचलला. इकडचं तिकडचं बोलून झालं, त्या रडल्या, नाक पुसलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सूनबाई, एक विचारू का? खरं सांगशील?"

"विचारा ना."

"मागच्या साली ती काहून नाही आली? कंबरेचं तं मले पटलंच नव्हतं. त्याच्या आदल्या खेपेला मी तिले सगळ्या बायांसमोर फॉरेनवाली म्हटलं होतं. पोळ्या मोजून काहून देते, कॅनडात गेली तं कंजूस झाली म्हटलं. हसूनच म्हटलं होतं. तेच लागलं का तिले? साल झालं, माझ्या मनातून जातच नाही. माझ्यावर रुसून गेली का ती?"

म्हणजे तुम्ही मला झाकलंत आणि ते तिकडे त्यांच्या गळ्यात पडलं. वर्षभर ती म्हातारी दुखऱ्या गुडघ्यानं ते घेऊन फिरत होती.

मी म्हटलं, "नाही मावशी. त्या रुसल्या नव्हत्या. त्यांना यायचं होतं, दहाच दिवसांसाठी. मी येऊ दिलं नाही. कार्डासाठी दिवस कमी पडतात म्हणाले. ते कमी पडत नव्हते, माझं मोजणं चुकलं होतं. त्यांनी मला सांगितलं होतं चुकतंय म्हणून, मी ऐकलं नाही. आणि नंतर मला कळलं तेव्हा मी त्यांना सांगितलं नाही."

वॉशरूममधला नळ बंद झाला. प्रशांत अर्ध्या दाढीनं दारात येऊन उभा राहिला. मी ऐकून घ्यायची तयारी करून उभी होते. मावशींनी शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या.

"दहा दिवस कायले लागत होते बाई," मावशी म्हणाल्या. "मले तं दोनच पायजे होते. एक भाजी चिरायले, अन् एक वाढायले."